तात्यांचा रूम टोन

‘‘अहो, तात्या जिवंत आहेत!’’ मी फोनवर ओरडत होतो आणि पलीकडचा माणूस रडायचं काही थांबत नव्हता. किकवीहून तात्यांचे मेव्हणे बोलत होते. तात्या माझ्या शेजारीच कातळावर बसून भाजलेल्या शेंगा खात होते. शेवटी त्यांनीच फोन घेतला.

‘‘पावणं, म्या बोलतोय. कशाला रडताय?’’

पलीकडून किंकाळी आली आणि फोन कट झाला.

आता हे कसं झालं ते सांगतो. मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. आमची कंपनी छोटी. पुण्यात दोन खोल्यांचं ऑफिस. मालकीण आणि दिग्दर्शक वैदेही मॅडम, कॅमेऱ्यावर सुहास, आवाजाला मी. रस्ते, पाणी, दवाखाने, शाळा असल्या विषयांवर आम्ही डॉक्युमेंटरी करतो आणि चॅनेलला देतो. लग्नाचं शूटिंग करत नाही, हे प्रत्येक गावात एकदा तरी सांगावं लागतं.

त्या वेळी विषय होता वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या, रस्ता नसलेल्या वाड्यांचा. मार्गासनीच्या पुढे फाट्यावर डांबर संपतं आणि तिथून वर तात्यांची वाडी. पायवाट आणि मध्ये ओढा. तात्यांच्या बायकोला, म्हणजे अक्कांना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन भोरला फुकट होणार होतं, पण अक्का खाली उतरायला तयार नव्हत्या. आदल्या पावसाळ्यात ताप आला म्हणून चौघांनी त्यांना झोळीतून न्यायला घेतलं आणि ओढ्यात पाडलं.

‘‘येक डाव पाडली तेवढी बास,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘रस्ता झाला तर गाडीनं जाईन. न्हाईतर आंधळी मरंन, पर झोळीत बसायची न्हाई.’’

त्या एकदा म्हणाल्या म्हणजे म्हणाल्या. मुलगा रामा, सून, आरोग्यसेविका, सगळे हात टेकून बसले होते. माणसंही आता त्यांना आवाजावरच ओळखावी लागत होती.

आमच्यापुढे वेगळंच दुखणं होतं. तालुक्यातले एक पुढारी, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, दर सभेत हा रस्ता ‘जवळजवळ झाला’ असं सांगत होते. अशा फिल्ममध्ये दुसऱ्या बाजूचं म्हणणं घ्यावंच लागतं, नाहीतर चॅनेल फिल्म परत पाठवतं. आणि भाऊ काही केल्या बाईट देत नव्हते. बाईट म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोललेला तुकडा. फोन केला की त्यांचा पीए म्हणायचा, ‘‘भाऊ मीटिंगमध्ये आहेत.’’ एकदा तर त्याच्या मागून भाऊच म्हणाले, ‘‘सांग, मीटिंगमध्ये आहे.’’ माझे कान त्यासाठीच आहेत.

तर तात्यांची मुलाखत त्यांच्या सोप्यात झाली. छान झाली. बघायला अर्धी वाडी लोटलेली. शेवटी मी म्हणालो, आता रूम टोन घेतो.

रूम टोन म्हणजे काय, तर प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पत्रा तापून कडकडतो, माठ ठिबकतो, कोपऱ्यात कोणी श्वास घेतं. एडिटिंगला बोलणं कापलं की मधली जागा त्याच शांततेनं भरायची. नाहीतर ऐकणाऱ्याला एकदम बहिरं झाल्यासारखं वाटतं. त्यासाठी मिनिटभर कोणी हू का चू करायचं नाही. साधं काम आहे, पण आपल्याकडे मिनिटभर गप्प बसणं ही साधी गोष्ट नाही.

पहिल्यांदा खुर्च्या कुरकुरल्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर माझा दात आहे. मी सगळ्यांना उभं केलं. मग टोप्या-पिशव्यांची चुळबुळ. म्हटलं, टोप्या काढा, हात खाली, मान हलवू नका. तात्यांची बाज करकरत होती. त्यांना म्हटलं, तात्या, तुम्ही सरळ आडवे व्हा आणि डोळे मिटून पडा, म्हणजे हलणार नाही. एक कोंबडी डालग्याखाली झाकली. मग मी मोठ्यानं म्हणालो, ‘‘सर्वांनी एक मिनिट शांत उभं राहायचं.’’

या वाक्यावर मराठी माणूस काय करतो? माना आपोआप खाली गेल्या. दोघांनी हात जोडले. शाळेपासून अंगात मुरलेलं आहे ते. इतका सुंदर रूम टोन मला अख्ख्या नोकरीत मिळालेला नाही.

मध्येच बाहेर मोटरसायकल आली. हा बबन. वाड्यावाड्यांचं दूध गोळा करून खाली मार्गासनीला नेतो. असल्या वाटेवर तोच एकटा गाडी घालू जाणे. माझं डोकं सटकलं, पण त्यानं दारातून आत बघितलं आणि लगेच इंजिन बंद केलं. डोक्यावरची टोपी काढली. मान खाली घालून तोही उभा राहिला. काय समंजस माणूस, मला वाटलं. मिनिट झालं तशी त्यानं पाय न वाजवता गाडी ढकलत नेली, उताराला लागल्यावर चालू केली आणि गेला.

तेव्हा आमच्या डोक्यात काही आलं नाही. तात्यांना झऱ्याकडे नेऊन दोन शॉट घ्यायचे होते, म्हणून आम्ही वर गेलो. तिथल्या कातळावर रेंज येते. फोन खिशातच थरथरायला लागला. सकाळी ‘शूटिंगच्या वेळी गिरणी बंद ठेवा’ एवढं सांगायला मी गावाच्या ग्रुपवर नंबर टाकला होता. आता त्या ग्रुपवर तात्यांचा हार घातलेला फोटो, खाली दोन समया आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

तात्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला.

‘‘ह्यो रामाच्या लग्नातला हाय. बरा आलाय.’’

मग तो मेव्हण्यांचा फोन. मग भाटघरहून एक, वेल्ह्याहून एक. बबननं खाली जाऊन एवढंच सांगितलं होतं, ‘‘तात्या गेलं. पुण्याचं लोक आल्यात, शूटिंग चाललंय.’’ म्हणजे तात्या मोठेच माणूस असणार, असं खालच्यांनी धरलं. त्यामुळे जरा जास्तच लोक निघाले.

वैदेही मॅडम मला म्हणाल्या, ‘‘तू काय केलंस रे?’’

‘‘मी? मी शांतता घेतली.’’

‘‘चल खाली. लोकांना सांगायला हवं.’’

आम्ही तात्यांना घेऊन पळत उतरलो. फाट्यावर ही गर्दी! टेम्पो, जीपा, मोटरसायकली. वर यायला रस्ता नाही, म्हणून माणसांनी शोकसभा फाट्यावरच उरकायला घेतली होती. आणि मधोमध, परीटघडीच्या पांढऱ्या शर्टात, हातात हार घेऊन, भाऊ!

इतके दिवस ज्यांचा पत्ता नव्हता ते भाऊ मयताला मात्र तासाभरात हजर. जोरात बोलत होते. सुहासनं कोणाला न विचारता कॅमेरा चालू केला. मीही बूम पुढे केला. बूम म्हणजे काठीला लावलेला माइक.

‘‘तात्या मला वडिलांच्या जागी होते,’’ भाऊ म्हणाले.

तात्या गर्दीच्या मागे माझ्या शेजारी उभे. हळूच म्हणाले, ‘‘ह्याच्या बापाचं न् माझं बांधावरनं भांडान व्हतं.’’

‘‘तात्यांची एकच इच्छा होती. रस्ता! ती अपुरी राहिली, याचं दुःख माझ्या काळजात आहे. त्यांच्या स्मरणार्थ हा रस्ता आपण करणार म्हणजे करणार! आत्ताच पत्र पाठवतोय!’’ शेजारी पीए मोबाईलवर खरंच ते पत्र टाइप करत होता.

तात्यांनी हात वर केला.

‘‘कवा?’’

लोकांनी मागे वळून पाहिलं. एक बाई ‘अगं आई गं’ म्हणून टेम्पोच्या मागे लपली. बबन पांढराफटक. भाऊ दोन पावलं मागे सरकले, पण पुढारी तो पुढारीच. पुढे होऊन त्यांनी तोच हार तात्यांच्या गळ्यात घातला.

‘‘तात्या! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला!’’

‘‘ते असू दे. रस्ता कवा?’’

‘‘बघू ना आता. तुम्ही आहात म्हटल्यावर... तशी घाई नाही.’’

‘‘म्हंजी म्या मरायला पायजे व्हय?’’

फाटा हसायला लागला. मेव्हणे तेवढ्यात किकवीहून पोचले होते, ते रडता रडताच हसत होते. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या सरळ भाऊंपुढे गेल्या.

‘‘भाऊ, मघाचं बोलणं आम्ही वापरणार नाही. तात्या गेले असं समजून तुम्ही बोललात. ते वापरणं बरोबर नाही.’’

मला रडूच आलं. एवढा खणखणीत आवाज टाकून द्यायचा? भाऊंचा चेहरा मात्र उजळला.

‘‘म्हणून तेच आता परत बोला,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘तात्यांसमोर.’’

‘‘सगळं?’’

‘‘वडिलांचं राहू द्या. रस्त्याचं बोला.’’

आता फाट्यावर एवढी माणसं आणि सगळ्यांचे मोबाईल वर. भाऊंनी घाम पुसला आणि बोलले. मी दोनदा थांबवलं. एकदा हाराचं प्लॅस्टिक चुरचुरत होतं म्हणून, एकदा आवाज फार बारीक येत होता म्हणून. तिसऱ्या वेळी मात्र रस्ता करतो हे त्यांनी अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलं. बाईट संपला. मी म्हणालो, ‘‘आता फक्त एक मिनिट सगळ्यांनी...’’

‘‘खबरदार!’’ मॅडम ओरडल्या.

फिल्म लागली. रस्ता पुढच्या उन्हाळ्यात झाला, झाला म्हणजे खरोखर झाला, ओढ्यावर मोरीसकट. मी तेव्हापासून रूम टोन घेताना माणसांना बसवूनच ठेवतो. कुरकुरू देत खुर्च्या. कोणी आडवं झोपायचं नाही एवढं मात्र पाळतो.

अक्कांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या फिल्मचा पुढचा भाग करायला आम्ही परत गेलो. भोरहून जीप निघाली. अक्का पुढे, काळा गॉगल लावून. मागे तात्या आणि बूम सांभाळत मी. अक्का चौथी शिकलेल्या. दिसायला लागल्याचा असा आनंद की वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होत्या. रसवंती वाचली, हार्डवेअर वाचलं, ‘हॉर्न द्या’ वाचलं तर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. फाट्यावर वळलो आणि त्यांनी नव्या रस्त्याची पाटी वाचली.

‘‘कै. धोंडिबा तात्या... थांबीव रं गाडी!’’

त्या दिवशीचं पीएचं पत्र ‘कैलासवासी’ लावूनच गेलं होतं. मंजुरी त्याच नावानं आली, पाटीही त्याच नावाची.

‘‘आवं, तुमाला हितं कैलासवासी केलंय!’’

‘‘म्हाईत हाय,’’ तात्या म्हणाले.

‘‘म्हाईत हाय? आन् गप बसलाय?’’

‘‘मग काय करू? पाटी बदला म्हनून अर्ज केला, तर म्हनतील रस्ता मेलेल्याचा व्हता, जित्या मानसाला मंजूर न्हाई. उखडून न्हेतील.’’

अक्कांनी गॉगल वर करून पाटीकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

‘‘ऱ्हाऊ द्या मग,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पर खाली बारक्या अक्षरात लिवा म्हनावं, अजून हायती.’’