साळूबाईचा दहावा

आमच्या मिशनच्या दवाखान्यात कुणाचा शेवट जवळ आला की साळूबाईला बोलावणं जायचं. ती खाटेशेजारी बसायची, त्या माणसाचा हात हातात घ्यायची आणि खुशाल सांगायची, "भिऊ नगासा. मी एकदा मेल्याली बाई हाय. काय हुत न्हाई." मरणाच्या दारातली माणसंसुद्धा हसायची. मी तिथलीच नर्स. मला मात्र राग यायचा, कारण ती थट्टा नव्हती.

साळूबाई आटपाडीकडच्या धनगराची लेक. ऐन उमेदीत नवरा गेला, पाठोपाठ पायाची जखम चिघळली. थोरल्या भावानं, बिराप्पानं, तिला बैलगाडीत घालून सांगलीजवळच्या आमच्या दवाखान्यात आणलं. पाय वाचला. बिराप्पा मेंढरं घेऊन पुढं गेला, ती इथं राहिली, आयाचं काम शिकली, ख्रिस्ती शास्त्र ऐकू लागली आणि एका रविवारी तिनं बाप्तिस्मा घेतला. पाळकसाहेबांनी सलोमी नाव ठेवलं, पण हाक मारायला साळूच राहिली. भावाला कळलं तेव्हा त्यानं गावी तिच्या नावानं आंघोळ केली, सुतक धरलं आणि दहावा घातला. जिवंत बाईचा दहावा! धर्म सोडला म्हणजे मेली.

साळूबाईनं ते मनाला लावून घेतलं, पण तिच्या पद्धतीनं. रोज दिवेलागणीला ती जगाचा निरोप घेतल्यासारखी आवराआवर करायची. उसनं आणलेलं मीठ परत जायचं. दिवसा कुणाशी तोंड वाजलं असेल तर त्याच्या दारात जाऊन "चुकलं माझं" म्हणून यायची, मग चूक कुणाची का असेना. माझ्याशी भांडण झालं की मी आधीच दार लावून घ्यायची, तर ही खिडकीतून माफी मागायची! लढाईच्या दिवसांत कापड रेशनवर, तरी तिनं स्वतःच्या कफनाला एक पांढरं लुगडं जपून ठेवलं होतं. ते वॉर्डातल्या एका बेवारस बाईच्या अंगावर गेलं. मी ओरडले तर म्हणते, "मार्थाबाई, तिला आज पायजे हुतं. मला काय, प्रभू बोलवील तवा बगू."

एवढं सगळं मिटवून झोपणाऱ्या बाईचं एकच मिटत नव्हतं. दिवाळी झाली की आटपाडीकडची मेंढरं कृष्णाकाठी उतरतात. शेतकरी त्यांना रानात बसवून घेतात. शेताला खत होतं, धनगराला धान्य मिळतं. बिराप्पाचा तळ दरसाल दवाखान्यासमोरच्या लालासाहेबांच्या रानात पडायचा. साळूबाई भाकरी बांधून बांधापर्यंत जायची आणि उभी राहायची. बिराप्पा तिला बघायचा, चांगला टक लावून बघायचा, आणि पाठ फिरवायचा. मेलेल्या माणसाशी कोण बोलतं? भाकरी त्याची कुत्री खायची, खाऊन खाऊन माजली होती.

"दगड आहे तुझा भाऊ," मी म्हणायची.

"दगड आसता तर पाट कशाला फिरवली आसती?" ती म्हणायची. मग डोळे पुसून, "येकदा साळे म्हणून हाक मारू दे त्यानं. मग देवानं कवाबी न्यावं." दुसरं काही तिनं देवाजवळ स्वतःसाठी मागितलेलं मी ऐकलं नाही.

सेहेचाळीस सालच्या थंडीत बिराप्पा तळावरच तापानं पडला. दवाखाना हाकेच्या अंतरावर, पण ज्या दवाखान्यानं बहीण नेली त्याची पायरी तो चढला नाही. साळूबाई डॉक्टरांना घेऊन बांधावर गेली, तर लोकांनी तिथूनच परतवलं. तो गेला. तिला कुणी बोलावलं नाही. नदीकाठचा धूर तिनं वॉर्डाच्या पायरीवरून पाहिला आणि आत जाऊन पेशंटांची भांडी धुवायला घेतली. माझ्या मनात बिराप्पाबद्दल जे आलं ते मी इथं लिहीत नाही.

दहाव्याच्या दिवशी उन्हं चढल्यावर बिराप्पाची बायको धोंडुबाई धापा टाकत दवाखान्यात आली. अशा दिवशी विधवेनं घाट सोडायचा नसतो, पण ती आली.

"वन्सं, चला. कावळा शिवंना."

साळूबाई म्हणाली, "वैनी, आमच्यात त्ये न्हाई. आनि मी तर तुमाला मेल्याली."

"तुमच्या दहाव्यालाबी शिवला न्हवता," धोंडुबाई म्हणाली. "समद्यांनी सांगून बगितलं, पार ऊन डोक्यावर आलं. शेवटाला ह्येनी हात जोडलं. म्हनलं, साळे, दरसाल तुला डोळ्यानं बगून जाईन. तवा शिवला. शिराळ्याकडं चारा लय हाय, वन्सं. तरी आमाला दरसाल हितंच आनायचं."

इतक्या वर्षांत मी साळूबाईला मोठ्यानं रडताना प्रथमच पाहिलं.

मग आम्ही गेलो. घाटावर माणसं खाली माना घालून बसली होती. साळूबाई पिंडापुढं गेली नाही, मेलेल्याला वचनही दिलं नाही. बाजूच्या दगडावर बसून तिनं आपल्या देवाजवळ, आपल्या धनगरी बोलीत, भावासाठी मागणं मागितलं. सगळ्यांनी ऐकलं. कावळा कधी आला ते मला कळलं नाही. माणसं उठली तेव्हा समजलं. कावळ्याला भूक लागली असेल, असं मी आजही म्हणते.

तळावर पंगत बसली. धोंडुबाईनं साळूबाईला हात धरून आपल्याशेजारी बसवलं. पोरं "आत्या, घे की" म्हणून वाढत होती. ती सावकाश, शेवटच्या घासापर्यंत जेवली.

परतताना दवाखान्याच्या फाटकाशी साळूबाई थांबली आणि म्हणाली, "माज्या मरनाची रोज तयारी केली बग. त्यो आदी जाईल, ह्ये कदी डोक्यातच आलं न्हाई."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आज समद्यांनी हाक मारली, मार्थाबाई. वैनीनं मारली, पोरांनी मारली," ती म्हणाली. "दादाची तेवडी ऱ्हायली."