शोकेसमागून निघालेला धूर

ती घटना मला आजही आठवते, पण तिची अर्धी बाजू मी कुणालाच सांगितलेली नाही, घरीसुद्धा नाही. ज्या युक्तीबद्दल मला वरिष्ठांकडून प्रशस्तिपत्रक मिळालं, ती माझी नव्हती. ज्याची होती, त्याला मी सकाळी दहापासून चौकीच्या बाकावर बसवून ठेवलं होतं.

पुण्याजवळच्या मांजरी गावात तेव्हा उसाच्या फडांना लागून इमारती उठत होत्या. आयटीतली जोडपी कर्ज काढून राहायला येत. अशाच एका सोसायटीत महिनाभर गटाराचा वास सुटला होता. चेअरमन चौकीत आले. त्यांचं म्हणणं, काम मिळावं म्हणून प्लंबरनंच पाइप फोडला. वॉचमननं त्याला भरदुपारी गटाराच्या चेंबरचं झाकण उघडताना पाहिलं होतं. तक्रार अदखलपात्र. नोंद करून कोर्टाची वाट दाखवायची, एवढंच माझं काम. पण चेअरमन वजनदार गृहस्थ, बंदोबस्तात आमच्या चहापाण्याची काळजी घेणारे. मी प्लंबरला उचलून आणलं आणि स्टेशन डायरीत एक ओळ लिहिली नाही.

माणूस नागपूरकडचा, चाळिशीचा, शांत. चेंबरपाशी काय करत होतास, असं विचारलं.

"वास घेत होतो जी."

हवालदार हसले. मी आवाज चढवून तेच तेच विचारत राहिलो. खोटं बोलणारा दर वेळी थोडं जास्त सांगतो. हा दर वेळी तेवढंच सांगत होता. ते माझ्या लक्षात आलं, तरी सोडला नाही. बाक रस्त्याला लागून. तो ज्या सोसायट्यांत काम करायचा, तिथली माणसं जाता-येता बघत होती.

दुपारी तोच म्हणाला, "साहेब, मले धूर करू द्या. पाइप कुठे उघडा आहे ते दिसते तुम्हाले. मी फोडला असन तर आत टाका."

सोसायटीत त्यानं तेलाचा रिकामा डबा मागून घेतला. एका बाजूला भोक पाडून हेअर ड्रायर बसवला, थंड हवेवर. दुसऱ्या बाजूनं लांब पाइप चेंबरमध्ये सोडला. फटी कणकेनं लिंपल्या. आत नारळाच्या शेंड्या पेटवून वर ओलं गोणपाट. गटारातला गॅस पेट घेतो, म्हणून चेंबर आधी तासभर उघडं ठेवलं आणि डबाही दूरच ठेवला. घराघरांतल्या मोऱ्यांच्या जाळ्यांत पाणी ओतायला लावलं, म्हणजे तिथून धूर यायला नको. गच्चीवरच्या, गटाराची हवा सोडणाऱ्या पाइपातून धूर निघताच तिथं ओलं पोतं कोंबलं.

दहा मिनिटं काहीच होईना. तळमजल्यावरचे एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला शांतपणे विचारलं, आता डासांवरही गुन्हा दाखल करणार का.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून चेअरमनबाईंचा आवाज आला, "अहो, आपल्या शोकेसमागून धूर येतोय."

शोकेस सरकवलं. भिंतीत पाइपाचं उघडं तोंड, त्यावर सुटत आलेली चिकटपट्टी. बाईंनीच उलगडा केला, "वास्तूवाल्यानं सांगितलं म्हणून बेसिन हलवलंत ना? मी तेव्हाच म्हटलं होतं, जाणत्या माणसाला विचारा." सोसायटीची परवानगी न घेता केलेलं ते काम लपवायला गृहस्थांनी प्लंबरवर ढकललं होतं.

खाली आलो तर सगळी सोसायटी हसत होती. चेअरमननी घाईघाईनं सांगून टाकलं, की साहेबांनी काय युक्ती काढली. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले.

प्लंबर कणीक खरवडत होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, मी नाही केलं, एवढं सांगा ना सगळ्यायले. तुम्ही सांगितलं तरच कामं राहतीन."

"सांगतो," म्हणालो आणि जीपमध्ये बसलो.

पुढं कळलं, की त्या भागातली त्याची कामं सुटली आणि तो दुसरीकडं गेला.

त्या प्रकरणानं मला शिकवलं, की बाकावर बसवलेला माणूस नुसता सोडून दिल्यानं सुटत नाही. त्याला शोधून, त्या भागातल्या सगळ्या सोसायट्यांच्या लोकांसमोर, हा निर्दोष होता आणि युक्ती याची होती, एवढं सांगायचं माझं अजून राहिलं आहे.