बुनिकाच्या गोष्टीचा शेवट

श्रूजबरीत आमच्या शेजारी एक रुमानियन बाई राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्याच. आम्ही दोघं ऑफिसातून येईपर्यंत माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेतून थेट त्यांच्याकडे जायची. ही सोय मीच केलेली, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

मुलगी त्यांना बुनिका म्हणायची. बुनिका म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. नागपूरहून माझी आई व्हिडिओ कॉल करायची तेव्हा ती मात्र 'ग्रँडमा'. माझ्या उपम्याला नाक मुरडणारी ही कार्टी तिथे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा दोनदा मागून खायची. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

सगळ्यात जास्त जळले ते गोष्टीवरून. बुनिका तिला त्यांच्या एका क्रांतिकारकाची गोष्ट रोज थोडी थोडी सांगत होत्या. शेतकऱ्याचा पोरगा, सरदाराच्या घरी राहून लिहायला-वाचायला शिकला आणि गावोगावची माणसं गोळा करून तुर्कांच्या अमलाविरुद्ध उठला. घरी आल्या आल्या ती मला ते सगळं इंग्रजीत ऐकवायची. मी गडकिल्ल्यांचं काही सांगायला गेले की 'मॉम, यू टोल्ड मी दॅट' म्हणून मोकळी. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

एका शुक्रवारी गोष्टीत त्याची फौज राजधानीत शिरली. शेवट बुनिका सोमवारी सांगणार होत्या.

रविवारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती म्हणाली, आता आपला माणूस जिंकणार. त्या 'आपला'नेच माझं डोकं फिरलं. शेवट मी आदल्या दिवशीच फोनवर वाचून ठेवला होता. सांगून टाकलं, की तो जिंकत नाही. तुर्कांच्या हातूनसुद्धा मेला नाही. त्याच्याच सरदारांनी फितुरी करून त्याला मित्र म्हणवणाऱ्यांच्या हवाली केलं, आणि त्या मित्रांनीच त्याला मारलं. ती ऐकत राहिली. माझी कुठलीच गोष्ट तिने इतकी मन लावून ऐकली नव्हती, आणि मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला.

सोमवारी तिला आणायला गेले तर बुनिका दारातच उभ्या होत्या. मुलीकडून त्यांना सगळं कळलं होतं, पण रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, एवढ्याशा मुलीला हे कसं सांगायचं याचा विचार करत मी पंधरा दिवस गोष्ट लांबवत होते.

मुलगी पाठीवर दप्तर घेऊन माझ्यापुढे चालत होती. आमच्या पायरीशी येऊन ती थांबली.

"आई, शेवट बुनिका सांगणार होती. तुला माहीत होतं ना? मग तू का सांगितलंस?"

एवढं सलग मराठी ती माझ्याशी वर्षभरात बोलली नव्हती. मी नुसतं 'सॉरी' म्हणाले.