बहिणीसाठी बेसवाला

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा मी बेस गिटार ऐकून निवडला.

असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग काळजीनं बहिणीची चौकशी करतात. बहीण मजेत आहे. चौकशी खरं तर माझी करायला हवी, पण ती कुणी करत नाही.

गोष्ट साधारण दोन हजार सालच्या आसपासची. मी तेव्हा शिरूरच्या एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत होतो. (ऑर्केस्ट्राचं नाव सांगत नाही. दोन-तीन गावांत आमचा शोध अजून चालू असण्याची शक्यता आहे.) गाव निमोणे, घरी कांदा आणि थोडा ऊस. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मेंढरं विकून विहीर पाडली आणि मी त्या विहिरीच्या पाण्यावर वाढून ड्रमसेट घेतला. आमच्या घराण्याची प्रगती अशी टप्प्याटप्प्यानं झाली.

शिरूरच्या स्टँडसमोर चहाचं एक हॉटेल होतं. लग्नसराई संपली की तालुक्यातले आम्ही तीन ड्रमवाले तिथं बसायचो आणि बेसवाल्यांबद्दल बोलायचो. लोकांना वाटतं, वाजवणारे गाणाऱ्यांबद्दल बोलत असतील. छे! गाणारा आमच्याकडं पाठ करून उभा असतो, त्याच्याबद्दल बोलणार काय? ड्रमवाल्याचा जीव गुंतलेला असतो तो बेसवाल्यात. कोरेगाव भीमाचा ड्रमवाला कंपनीतली शिफ्ट संपवून यायचा. तो म्हणायचा, "आपला बेसवाला एक नंबर. एकदा चालू केला की मशीन! लंच टाइम झाला तरी थांबत न्हाई."

केंदूरचा म्हणायचा, "माझावाला त्याच्यापरीस भारी."

"का?"

"त्याच्याकडं जीप हाय."

यावर सगळे माना डोलवायचे. ज्यानं ड्रमसेट एसटीच्या टपावर चढवलाय, त्यालाच जीपवाल्या बेसवाल्याची थोरवी कळते.

माझा बेसवाला होता दौंडचा दत्ता. दौंडात त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटरी यायच्या आणि हा दिवसभर तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसायचा. असा मोजणारा माणूस तालाला कसा चुकेल? तो बोलायचा नाही, हलायचा नाही, लोकांकडं बघून हसायचाही नाही. पण माझा ठोका पडला की बरोबर त्या ठोक्याच्या पोटात दत्ताचा सूर पडायचा. एकदा केंदूरला भर गाण्यात माझ्या हातातली काठी उडून पहिल्या रांगेतल्या सरपंचांच्या मांडीवर पडली. मी खाली उतरून ती मागून घेतली, आभार मानले, परत येऊन बसलो. गाणं चालूच होतं आणि कुणालाही काही कळलं नाही! मी हॉटेलात सगळ्यांना सांगितलं, "माझा ताल इतका पक्का हाय, मी नसलो तरी चालू राहतो."

त्या उन्हाळ्यात घरात बहिणीच्या, मंगलच्या लग्नाचं निघालं. आप्पांनी एक स्थळ जवळजवळ नक्की केलं होतं. मुलगा कोरेगाव भीमाकडच्या एका कंपनीत परमनंट. आप्पा 'परमनंट' हा शब्द उच्चारताना टोपी नीट करायचे. निमोण्याची यात्रा झाली की होकार कळवायचा, असं ठरलं.

माझ्या मनात मात्र दत्ता होता. तो आमच्याच सोयरीकीतला, आणि इतका चांगला बेसवाला घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढा एकच विचार मी भाऊ म्हणून केला.

"आप्पा, मंगलसाठी एक स्थळ हाय. दौंडचं. मोटर रिवायंडिंगचं काम करतो आन् बेस वाजवतो."

"गातो का?"

"न्हाई."

"मग म्होरं उभा राहून करतो काय?"

"म्होरं न्हाई. मागं उभा राहतो."

आप्पांनी आईकडं बघितलं. "मागं उभा राहतो म्हनतोय."

मी नेटानं गुण सांगायला लागलो. "आप्पा, तो कवाच घाई करत न्हाई. आपली येळ आल्याबिगर आवाज काढत न्हाई. जोडीदार कुठं बी गेला तरी हा आपली वाट सोडत न्हाई."

"पोराचं सांगतोयस का बैलाचं?"

आतून तांदूळ निवडता निवडता मंगल म्हणाली, "दादा, दुकान सवताचं हाय ते सांग की."

तिला हे कसं माहीत, हा प्रश्न मला पडला नाही. त्या काळात मला ताल सोडून फारसे प्रश्न पडत नसत.

मी हट्टच धरल्यामुळं आप्पा 'एकदा बघून घेऊ' म्हणाले आणि दत्ता इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या ओट्यावर येऊन बसला. पुढ्यात पोहे आले. आप्पांनी सुरुवात केली.

"नाव काय म्हनायचं?"

दत्तानं आधी मनात चार ठोके मोजले. एक, दोन, तीन, चार. "दत्ता."

"शेती किती?"

एक, दोन, तीन, चार. "दोन एकर."

"आन् म्होरं काय इचार हाय?"

या प्रश्नाला दत्तानं इतकी जागा सोडली की आप्पांचे पोहे संपले, पाणी पिऊन झालं आणि गोठ्यातली म्हैस दोनदा ओरडली. मग तो म्हणाला, "चांगला हाय."

आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "त्याला बोलायला अडकतं का रं?"

"आई, तो जागा सोडतोय!"

"कुनासाठी? आनखी कोन येनार हाय?"

तो गेल्यावर आप्पा म्हणाले, "पोरगं गरीब दिसतंय. पर मला त्याचं वाजवणं एकदा ऐकू दे. मी बी गजीत ढोल वाजवलाय, मला कळतं." धनगरांच्या गजी नाचात आप्पांनी खरंच पंचवीस वर्षं ढोल वाजवला होता. मला हायसं वाटलं. जाणकार माणूस, कान तयार, आता काळजी नाही!

यात्रेत आमचाच ऑर्केस्ट्रा ठरला. त्या वर्षी यात्रा कमिटीनं लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहून कार्यक्रम दुपारी चारला ठेवला. मांडवाचं कापड तापलेलं, समोर सगळा गाव टॉवेलनं वारा घेत बसलेला आणि पहिल्या रांगेत आप्पा, कानामागं हात धरून. चार गाणी झाली. मध्यंतरात ते स्टेजमागं आले.

"संपत, त्याची बोटं हालत्यात, पर आवाज कुठाय?"

"आप्पा, तो आवाज खाली असतो."

"मी खालीच बसलोय की! तुझा ढोल ऐकू येतो, पेटी ऐकू येती, बाईचं गानं ऐकू येतं. ह्याचं काय बी न्हाई. नुसतं हातात धरून उभा राहतोय गडी. उद्या सकाळी मी कंपनीवाल्यांना कळवून टाकतो."

आता जे काही करायचं ते पुढच्या तासाभरात. आणि मला, आजवरच्या आयुष्यात ज्या थोड्या युक्त्या सुचल्या त्यांतली सर्वांत हुशार युक्ती तिथंच सुचली. मी दत्ताला बाजूला घेतलं.

"पुढच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला तू हात काढून घे. तू नसलास की गाणं कसं पोकळ होतं, ते आप्पांना कळू दे."

दत्तानं चारपर्यंत मोजलं. "नको."

"का?"

"तुमचं अवघड होईल."

एका दमात एवढं तो माझ्याशी तीन वर्षांत बोलला नव्हता. मला भरून आलं. स्वतःचं लग्न पणाला लागलंय आणि हा माणूस दुसऱ्याची काळजी करतोय! मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "तू बिनधास्त थांब. ताल माझ्याकडं लागला."

गाणं नाचायचं होतं. पोरं आधीच उठून उभी राहिलेली. पहिलं कडवं झकास झालं. दुसरं सुरू झालं आणि दत्तानं सांगितल्याप्रमाणं बोटं उचलली.

पहिले काही ठोके मला काहीच वाटलं नाही. मग पायाखालचा जिना कुणीतरी काढून न्यावा तसं झालं. आपण कुठं आहोत हेच कळेना! सावरायला म्हणून मी जरा वेग वाढवला. गाणाऱ्या बाईंनी माझा वेग गाठायला शब्द गिळायला सुरुवात केली. कीबोर्डवाल्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग बाईंकडं आणि शेवटी आमच्या दोघांचाही नाद सोडून तो आपला स्वतंत्र निघाला. नाचणाऱ्या पोरांपैकी अर्धी माझ्यावर, अर्धी कीबोर्डवर नाचायला लागल्यामुळं त्यांच्यात धक्काबुक्की सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ड्रमवाले, शेवटची एसटी चुकतीय का?"

मी आणखी घाबरलो, म्हणून आणखी जोरात वाजवलं. बाई दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर होत्या तेव्हा मी गाणं संपवलं. नुसतं संपवलं नाही, झांजेवर शेवटचा दणका देऊन दोन्ही काठ्या हवेत धरल्या! त्या शांततेत बाई एकट्याच गात होत्या आणि माझ्याकडं अशा बघत होत्या की मी मुकाट्यानं परत सुरू केलं. तो ठेका कुठल्या गाण्याचा होता, देव जाणे.

तेवढ्यात दत्तानं, कुणी न सांगता, पुन्हा बोटं टेकवली. धुम्म. धुम्म. चार ठोक्यांत बाई जागेवर आल्या, कीबोर्ड जागेवर आला, पोरांनी एकमेकांच्या कॉलरी सोडल्या. आणि मी? मीही आलो, कुणीतरी बखोट धरून आणल्यासारखा.

कार्यक्रम संपल्यावर आप्पा स्टेजवर आले. मी खाली मान घालून स्टँड सोडवत होतो. आख्ख्या गावासमोर, तेही स्वतःच्या गावासमोर, मी उघडा पडलो होतो. वाटलं, बहिणीचं स्थळही गेलं आणि माझी अब्रूही. आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते सरळ दत्तासमोर जाऊन उभे राहिले.

"मेंढरं नेताना म्होरं हाका मारनारा सगळ्यांना दिसतो," ते म्हणाले, "मागनं चालनाऱ्याकडं कुनी बघत न्हाई. तो पानी प्यायला थांबला, की मग कळतं कळप कुनाच्या जिवावर चालला व्हता. पावनं, बैठकीला कवा येऊ?"

या वेळी दत्तानं मोजलं नाही. "उद्या या," तो म्हणाला.

मग आप्पा माझ्याकडं वळले. "आन् तू."

"व्हय आप्पा, मी हाका मारनारा."

"तू मेंढरू."

लग्न झालं. दत्ताचे दाजी झाले. आणि लग्नाला पंधरा दिवस होत नाहीत तोच दाजींनी ऑर्केस्ट्रा सोडला! त्यांच्याशिवाय मी तीन कार्यक्रम वाजवले. तिसऱ्यात गाणाऱ्या बाई रडल्या. शेवटी मी दौंडला गेलो. दाजी दुकानात मोटर भरत होते, ओठ हलत होते, वेढे मोजणं चालू होतं. मंगल चहा घेऊन आली.

"दाजी, ऑर्केस्ट्रा का सोडला?" मी विचारलं.

"त्यांना नको, मला इचार," मंगल म्हणाली. "प्रॅक्टिस आपल्या कांद्याच्या वखारीत असायची ना?"

"व्हय."

"आप्पा-आई तर तिकडं फिरकायचे न्हाईत. मग तिथं चहा कोन आनायचं?"

"तू."

"मग?"

मी बशीत चहा ओतला, फुंकला, अर्धा प्यायलो, तरी मला कळेना. तिनं कपाळाला हात लावला.

"अरं दादा, पुन्याच्या ऑर्केस्ट्रा पार्टीनं दोनदा बोलावनं धाडलं व्हतं त्यांना. ते गेले न्हाईत. तीन वर्सं दौंडावरनं निमोन्याला येत व्हते ते काय तुझ्या ड्रमसाठी?"

"माझ्या ड्रमसाठी न्हाई?" मी खरंच विचारलं.

दाजींना हसू फुटलं. तीन वर्षांत ज्यांचा ठोका कधी चुकला नाही, त्यांचं मोजणं तिथं चुकलं आणि आख्खी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मला राग यायला हवा होता. पण बहीण इतकी खुशीत हसत होती की मलाही हसू आलं. तालुक्यात हिंडून मी ज्याच्या बेसचं कौतुक करत होतो, त्याचं खरं मोठेपण मला त्या दुकानात कळलं. माझं वाजवणं कानाशी घेऊन तो तीन वर्षं गप्प उभा राहिला होता. एवढा सोशिक नवरा आमच्या मंगलला दुसरीकडं कुठं मिळाला असता?

दाजी मला सायकलवरून स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडी लागली, मी पायरीवर पाय ठेवला. एक, दोन, तीन, चार.

"निवेदन करून बघा," दाजी म्हणाले.

मी करून बघितलं. आज तालुक्यात निवेदक म्हणून माझं बऱ्यापैकी नाव आहे. ऑर्केस्ट्रावाले शाल देतात, वेगळी खुर्ची देतात, गरम पाणी देतात. त्यांची अट एकच असते, गाणं चालू असताना मी समोरच्या टेबलावर बोटं वाजवायची नाहीत.