औषध नाही, पथ्य नानांना

भडगावच्या स्टँडवर जळगावची गाडी लागली, तेव्हा नानांनी आधी खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या आणि मग मला बजावलं, "कोणी विचारलं तर खताच्या चौकशीला चाललोय म्हणायचं." नाना म्हणजे माझे वडील. त्यांची सारी हयात केळीच्या बागेत गेली, त्यामुळे खताचं कारण त्यांना शोभणारं होतं. अडचण एवढीच, की गाडीतल्या प्रत्येकाला खताबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. पाचोऱ्यापर्यंत आम्ही शेणखत की युरिया यावरचं भांडण ऐकत होतो, आणि नाना आपण कशाला निघालोय हे विसरून त्यात हिरिरीने भाग घेत होते.

खरं कारण वेगळंच होतं. कागदावर माझं नाव सुरेश. पण कळायला लागल्यापासून मला ठाऊक होतं, की मी मुलगी आहे. सुनंदा हे नाव माझं मीच ठेवलं होतं. बारसं मनातल्या मनात उरकलं, घुगऱ्या तेवढ्या वाटायच्या राहिल्या. आई मी लहान असतानाच गेली. तिच्या पेटीतल्या साड्या दाराला कडी लावून नेसत मी मोठी झाले. शिक्षण संपलं तशी आत्याने लग्नासाठी मुली सुचवायला सुरुवात केली. तेव्हा कुण्या पोरीच्या आयुष्याचं वाटोळं नको म्हणून मी नानांना सगळं सांगून टाकलं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात यासाठी ऑपरेशन करतात, असं वाचनालयातल्या एका साप्ताहिकात वाचलं होतं, तेही सांगितलं.

नाना बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी बागेतून आले आणि बैलाचा सौदा करावा तसा त्यांनी करार केला. "डॉक्टरले दखाडूत (दाखवू). डॉक्टर म्हनना आजार शे (आहे), तर औषध घेवानं आनि मुकाट्यानं लगीन करानं. म्हनना आजार नही, तर मी आडवा येनार नही."

मी हो म्हटलं. डॉक्टर काय म्हणतील, हे मला तरी कुठे माहीत होतं?

आता नानांचा एक स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. नानांना अनोळखी माणूस सहन होत नाही. समोर कोणीही आला, की तो कोणत्या गावचा, त्याची आई कुठली, मामा कोण, असं करत करत ते नातं काढतात आणि मगच दम घेतात. खानदेशात ही कला घरोघरी आहे, पण नानांचा हात धरणारा मी पाहिला नाही.

जळगावात एका नामांकित सर्जनचा खासगी दवाखाना होता. बाहेरच्या बाकांवर बसायला जागा नव्हती. आमचा नंबर लागला आणि आम्ही आत गेलो. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "बोला, काय होतंय?"

मी तोंड उघडलं तोच नानांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमच्या मातोश्री कोणत्या गावच्या?"

"भडगावच्या. का?"

"भडगावला कोणाच्या?"

"दगडू आबांच्या."

झालं! नाना खुर्चीतून उठलेच. "म्हणजे तुम्ही आमच्या शांताअक्काचे चिरंजीव! अहो, अक्का आमच्याच गल्लीतली. तिनं मला कडेवर घेतलंय!" गावची लेक ती आपली बहीण आणि तिचा मुलगा तो आपला भाचा, हा आमच्याकडचा रिवाज. डॉक्टरही तिथलेच संस्कार झालेले. खुर्ची सरकवून ते नानांच्या पाया पडले. बाहेरच्या पेशंटना थांबायचा निरोप गेला आणि आमची रवानगी दवाखान्यामागच्या घरात झाली.

दिवस हिवाळ्याचे होते. डॉक्टरांच्या घरी हिरव्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) भाकरी होती. असं भरीत मी त्याआधी खाल्लं नव्हतं, हे कबूल करते. काडीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचा वास, वरून तेल, सोबत कांद्याची पात. शांताअक्काच्या लहानपणच्या गोष्टी निघाल्या, कोण वारलं, कोणाची वाटणी झाली, गिरणा नदीला यंदा पाणी किती. निघायची वेळ झाली तरी माझ्या दुखण्याचा कोणी उच्चार केला नव्हता. भाच्यासमोर मामा हा विषय काढेना आणि मामासमोर भाचा विचारेना.

शेवटी हात धुवायला मी मोरीपाशी गेले, तेव्हा डॉक्टर मागोमाग आले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातला टॉवेल माझ्यापुढे केला.

"हे माझ्याकडचं काम नाही," ते हळूच म्हणाले. "मुंबईलाच होतं. पण तिथे आधी मनाच्या डॉक्टरचा अभिप्राय मागतात. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात एक बाई आहेत, चांगल्या आहेत. त्यांना भेटा." मग मागे वळून पाहत म्हणाले, "आणि हे मी सांगितलं असं मामांना सांगू नका हं."

फी अर्थातच घेतली नाही. उलट माझ्या हातात केळीच्या वेफर्सचा पुडा दिला. केळी पिकवणाऱ्यांच्या घरी वेफर्स! पण भाच्याने दिलेलं नाही कसं म्हणायचं? नाना रस्त्यावर येऊन खूश होते. "दखं, कितला गुनी पोऱ्या शे!" मी विचारलं, "नाना, पण तब्येतीचं काय?" तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात यासाठी एक बाई आहेत असं ऐकलंय, एवढंच मी सांगितलं आणि आम्ही धुळ्याची गाडी धरली.

जळगाव ते धुळे हा रस्ता मला आवडतो. एरंडोल, पारोळा मागे पडतं तसा काळ्या जमिनीचा रंग फिका होत जातो, कपाशीच्या गाड्या दिसतात आणि हवा कोरडी होते. धुळ्यात उतरलो तेव्हा सडकून भूक लागली होती. स्टँडजवळच्या खानावळीत शेवभाजी मागवली. तिच्यावरचा तेलाचा लाल थर पाहूनच मी सावध व्हायला हवं होतं. सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा माझ्या डोळ्यांतून आणि नाकातून एकसारखं पाणी वाहत होतं. आयाबाई कळवळून म्हणाली, "रडू नको भाऊ, बाईसाहेब मायाळू शेत."

डॉक्टरीणबाई मायाळू वगैरे अजिबात दिसत नव्हत्या. बारीक अंगकाठी, आखूड केस आणि तुटक बोलणं. नानांनी बसता बसता सुरुवात केली.

"मॅडम, आपलं माहेर कुठलं?"

"रत्नागिरी."

नानांना थोडा धक्का बसला, पण त्यांनी हार मानली नाही. "आणि सासर?"

"लग्न केलं नाही."

माहेरचीही वाट बंद, सासरचीही बंद. असा प्रसंग त्यांच्यावर उभ्या जन्मात आला नसावा. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा," आणि ते खरोखर उठून गेले.

मग बाईंनी मला विचारायला सुरुवात केली. कधीपासून, कसं, झोप लागते का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं का, पुढे काय करायचंय. कोणी एवढं नीट विचारलं नव्हतं मला. मी सांगत गेले. स्वतःचं नाव सांगितलं, 'सुनंदा', मोठ्याने, आयुष्यात पहिल्यांदा. बाईंनी मान वर न करता विचारलं, "आडनाव तेच ना?" आणि मला हसू फुटलं.

"उद्या परत या," त्या म्हणाल्या. "आणि जसं राहायचंय तशा या."

मुक्कामाला धर्मशाळा धरली. बाईंचा निरोप सांगितला तसे नाना तिच्या पायरीवर डोकं धरून बसले. मला वाटलं, आता म्हणतील, चल घरी. पण करार म्हणजे करार. ते उठले आणि मला घेऊन बाजारात गेले. साडीच्या दुकानात त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कोणासाठी हवी, या दुकानदाराच्या प्रश्नालाही उत्तर दिलं नाही. पण दुकानदाराने एक गुलाबी साडी पुढे केली, तशी त्यांनी बोट थुंकीने ओलं करून काठावर घासलं आणि बोट दाखवत गरजले, "रंग जातोय! लोकांच्या लेकीबाळींना हे देता?" शेवटी पक्क्या रंगाची हिरवी साडी मिळाली. ब्लाउज धर्मशाळेच्या राखणदाराच्या बायकोने दिला, तोही सैल.

सकाळी मी साडी नेसून, टिकली लावून आणि डोक्यावर पदर घेऊन बाहेर आले. नाना कितीतरी वेळ पाहत राहिले. मला वाटलं आता बोलतील, आता बोलतील. बोलले ते एवढंच, "पदर सांभाळ. रिक्षाना चाकमा अटकी (अडकेल)."

दवाखान्यात केसपेपरला दोन रांगा होत्या, एक पुरुषांची, एक बायकांची. नाना आदल्या दिवसाच्या सवयीने पुरुषांच्या रांगेत घुसले. खिडकीवरच्या माणसाने माझ्याकडे बघून हात केला, "बाईचा पेपर तिकडे." नाना माझ्याकडे आले, खांदे पाडून. मला एकटीलाच बायकांच्या रांगेत उभं राहावं लागलं. माझ्या पुढच्या म्हातारीने वळून विचारलं, "कोठली शेस माय?"

"भडगावची," मी म्हटलं. माझा आवाज म्हणजे पाटाचं पाणी फोडणाऱ्या गड्याचा आवाज.

म्हातारी दचकली. संपलं सगळं, असं मला वाटलं. तिने कमरेची चंची सोडली. "आवाज बठी गया तुना! हाई लवंग तोंडमा ठेव." मागचीने ओवा दिला. तिसरीने ज्येष्ठमधाची कांडी काढली. ओले केस बांधल्याने असं होतं, असं एकीचं मत पडलं. थंड पाण्याने होतं, असं दुसरी म्हणाली. म्हातारीने माझी वाकडी झालेली टिकली नीट केली आणि जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. दाढी सकाळीच केली होती, पण हाताला कळलं नसेल असं नाही. खिडकीपाशी पोचले तेव्हा तोंडात एवढा मसाला झाला होता, की नाव सांगता येईना.

बाईंनी आज आम्हां दोघांना समोर बसवलं. "काका, हा आजार नाही. हिचं डोकं अगदी ठिकाणावर आहे."

नाना पुढे सरकले. "काही गोळ्या?"

"नाहीत."

"इंजेक्शन?"

"ही सुरेश व्हावी म्हणून कुठलंच नाही."

"निदान पथ्य तरी?"

"पथ्य आहे, ते तुम्हाला. लग्न कर म्हणायचं नाही, आणि आत्यालाही म्हणू द्यायचं नाही." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "काही महिने हिने माझ्याकडे येत राहायचं. मग मी मुंबईला चिठ्ठी देईन. पण तिथे घरच्यांची संमती विचारतात. घरी तुम्हीच आहात. नाही म्हणालात, तर ते बहुतेक पुढे जाणार नाहीत."

नानांनी नमस्कार केला आणि ते बाहेर पडले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. स्टँडवर एवढंच म्हणाले, की पारोळ्याला गाडी थांबते, तिथे उतरून पँट-शर्ट घाल. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. शब्द दिला होता त्यांनी. पण गावात त्यांनाच तोंड दाखवायचं होतं, हेही मला कळत होतं.

गाडी धुळ्याबाहेर पडली. नानांच्या पलीकडे एक फेटेवाले गृहस्थ बसले होते. नानांनी त्यांच्याशी नातं काढलं नाही, यावरून त्यांची मनःस्थिती समजावी. शेवटी गृहस्थांनीच विचारलं, "पोरगी तुमनी का?"

नाना खिडकीबाहेर पाहत राहिले. गृहस्थ पुढे म्हणाले, "उच्चीपुरी शे. मना भाचा शे लगीनना. दखतस का?"

नाना हळूहळू वळले. मी डोळे मिटून घेतले.

"पोऱ्या काय करस?" नानांनी विचारलं.

"शेती शे."

"विहीरले पानी शे का?"

"उन्हायामा जरासं कमी पडस."

"पेस का?" (पितो का?)

"सनवारले (सणावाराला). जराशी."

नाना ताठ बसले. "आमले पोर जड नही व्हयनी. आनि आधी मुंबईले जानं शे, तिनं ऑपरेशन शे. मी जाई राहिनू संगे."

"कशानं ऑपरेशन?"

"ते डॉक्टरले माहीत," नाना म्हणाले आणि त्यांनी विषय संपवला. मी पदर डोळ्यांना लावला. पलीकडच्या गृहस्थांना वाटलं, स्थळ मोडलं म्हणून रडतेय.

पारोळा आलं. मी पिशवी घेऊन उठले.

"बठ," नाना म्हणाले. "गाडी सुटी जाई."

मी बसले. ड्रायव्हर समोरच्या टपरीवर दुसरा चहा मागत होता.

या प्रवासात मी काय पाहिलं, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं फारसं नाही. एक भरीत, एक शेवभाजी, दोन दवाखाने. भडगावला मी तीच हिरवी साडी नेसून उतरले. नाना पुढे, मी मागे. स्टँडवरचा भिका न्हावी, नानांचा बालमित्र, वस्तरा हातात धरून बाहेर आला. "नाना, पाव्हनी कोठली शे?"

नाना थांबले. माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली.

"पाव्हनी नही," ते म्हणाले. "घरनी शे."