बोईसरचा तिसरा खांब

पालघर सुटलं, उमरोळी गेलं आणि बोईसरला उतरायच्या आधीच नाकानं सांगितलं, कारखाने आले. नव्वदीची अखेर होती. पुण्याहून मी निघालो होतो ते एका कारखान्यातल्या ॲसिडच्या टाकीखालचे चार खांब तपासायला. आतल्या सळया गंजल्या, म्हणून खांबांना रेझिन लावून फायबर ग्लासचं कापड गुंडाळलं होतं. खांब न फोडता, हातोडीनं ठोकून, कापड धरलंय की सुटलंय ते आवाजावरून सांगायचं. माझी सही झाली की दुसऱ्या दिवशी टाकी भरणार होती. आणि टाकीच्या सावलीत बाया पिंपं धुवत बसल्या होत्या.

मॅनेजर फारच गोड बोलत होते. "आधी जेवून घ्या. खांब कुठे पळतायत?" म्हणत त्यांनी म्हावरं (मासे) मागवलं. तळलेले बोंबील, पापलेटचं कालवण. मी बोटं चाटून जेवलो, पण एवढा पाहुणचार झाला की माझं डोकं फिरतं. यांना लपवायचंय तरी काय?

त्यात दशरथ नावाचा एक कामगार पाठीच लागला. मी काही लिहिलं की मान वाकडी करून वहीत बघायचा. मॅनेजरनं ठेवलेला हेर, दुसरं काय! मी वही झाकून घेतली.

हात पोचेल तिथवर चारही खांब ठोकले. टणटणीत. ऊन होतं, पोट भरलेलं होतं. शिडी चढायचा कंटाळा आला, खरं सांगतो. तेवढ्यात दशरथनं शिडी आणून तिसऱ्या खांबाला टेकवली.

"मी मागितली का?" मी खेकसलो.

"वर ठोका, सायब," तो हळूच म्हणाला. "कापड मीच गुंडाळलंय. आमच्या दांडी गावाला आमी होड्यांना हेच लावतो. ओल्यावर धरत नाय. वरचं सिमेट ओलं व्हतं, पन घाई केली यांनी. खाली माजी बायको हाय."

मी चढलो. तुळईखाली हातोडी ढबढब वाजली. हातभर जागा पोकळ होती.

मॅनेजर धावत आले. "नेमकं तिथंच ठोकायला कोणी सांगितलं?"

दशरथ शिडी धरून उभा होता.

"आम्ही प्रत्येक खांब वरपर्यंत ठोकतो," मी म्हणालो. "टाकी भरायची नाही. बायांनाही आत्ताच हलवा."

मग ते खरं करायला उरलेले तीन खांबही चढून ठोकावे लागले.

परतीच्या गाडीत दशरथवर खेकसल्याची लाज वाटत होती. नंतर एकेक गाव आठवायला लागलं, जिथं जेवण झाल्यावर मी खालूनच ठोकून सही केली होती.