चौघांचा खेळ

आमचा डॉक्टर व्हिडिओ गेम खेळायचा तो घराच्या दाराला पाठ लावून, जमिनीवर बसून. समोर टीव्ही, हातात कंट्रोलर आणि पाठीमागे कडी लावलेलं दार. घरात सोफा होता, पंख्याखाली ऐसपैस जागा होती. तरी हा दारातच. त्याच्या विक्रोळीच्या घरी तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली की आधी कोणीतरी सरकून उठल्याचा आवाज यायचा, मग दार उघडायचं.

तसा तो डॉक्टर नव्हता. एका विमा कंपनीसाठी घरबसल्या क्लेमचे कागद तपासायचा. नाव पडलं लॉकडाऊनमध्ये. मी मुलुंडला, सच्या बोरिवलीला, मंग्या कांदिवलीला आणि हा विक्रोळीला, असे कॉलेजपासूनचे आम्ही चार मित्र आपापल्या घरात कोंडलेले. सच्याने एक गेम शोधून काढला. राक्षसांनी भरलेला किल्ला आणि चार वीर. चौघांनी आपापल्या घरून एकाच वेळी खेळायचा. दर रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही जमू लागलो. आम्ही तिघांनी तलवार, कुऱ्हाड, धनुष्य उचललं. याने वैद्य घेतला. वैद्याच्या हातात नुसता कंदील. तो ज्याच्यावर धरावा त्याच्या जखमा भरतात, पण राक्षसाला मारायचं म्हटलं तर त्याचा चटका तेवढा बसतो.

"अरे, काहीतरी धारदार घे ना यार," सच्या म्हणाला.

"सगळेच मारत सुटलात तर तुम्हाला बघणार कोण?" हा म्हणाला. त्या दिवसापासून तो डॉक्टर.

खेळताना त्याचं लक्ष राक्षसाकडे कमी आणि आमच्याकडे जास्त. "मंग्या, मागे ये, तुझं रक्त संपत आलंय." "सच्या, एकटा पुढे नको रे पळू." एकदा ऐन लढाईत त्याने मला विचारलं, "अम्या, आज तू गप्प आहेस. ऑफिसात काही झालं का?" त्या आठवड्यात माझी नोकरी जायच्या बेतात होती आणि मी घरीसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. तोवर आम्ही चौघेही किल्ल्यात मरून पडलो होतो. कोणी एका शब्दाने कुरकुरलं नाही.

मग लॉकडाऊन उठला. सच्याचं लग्न झालं, मंग्याला फिरतीची नोकरी लागली, माझं ऑफिस अंधेरीला परत सुरू झालं. मुलुंड ते अंधेरी रोजची रखडपट्टी करून रविवारी मी जो काही उरायचो तो अंथरुणातच उरायचो. खेळ सोडतो असं कोणीच म्हणालं नाही. डॉक्टर बरेच रविवार तीनच्या ठोक्याला ग्रुपवर 'आलोय' असं टाकत राहिला. पुढे तेही बंद झालं.

वर्षभराने आईच्या ऑपरेशनचे क्लेमचे कागद दाखवायला मी त्याच्याकडे गेलो. तो दाराशी बसून एकटाच खेळत होता. माणसं नसली की हा गेम संगणकाचे तीन गडी सोबत देतो. फार मठ्ठ गडी. भिंतीवर डोकं आपटत राहतात, राक्षस दिसला की उलट्या दिशेने पळतात. डॉक्टरने त्यांना आमची नावं दिली होती. सच्या, मंग्या, अम्या.

"तू आज सकाळपासून तीनदा दरीत पडलायस," तो मला म्हणाला. "दरवेळी उचलायला मीच."

मी हसलो. त्याच वेळी आतून त्याचे वडील आले. विक्रोळीच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. आता त्यांना काही आठवत नसे. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात रिकामा डबा.

"बाजूक सर रे, माका उशीर जाता. दुसरी पाळी आसा."

डॉक्टरने खेळ थांबवला, पण जागचा हलला नाही. "बाबा, भोंगो अजून वाजाक नाय. बसा जरा."

म्हातारा मुकाट्याने खुर्चीत बसला आणि भोंग्याची वाट पाहू लागला. दोनदा ते असे घराबाहेर पडले होते, एकदा थेट हायवेपर्यंत. तेव्हापासून दाराशी बसणं सुरू झालं होतं.

"तुमचा लॉकडाऊन संपला रे," डॉक्टर म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. "माझा चालूच आहे."

"पुढच्या रविवारी मी येतो खेळायला. नक्की," मी म्हणालो.

मी गेलो नाही. पुढच्या रविवारी झोपलो, त्याच्या पुढच्या रविवारी साखरपुडा होता कोणाचा तरी. मग आठवण झाली की लाज वाटायची आणि लाज वाटली की फोन राहून जायचा.

एका दुपारी ग्रुपवर फोटो आला. किल्ल्यातला शेवटचा राक्षस आडवा पडलेला आणि खाली चार वीरांची नावं. डॉक्टर, सच्या, मंग्या, अम्या. सोबत एकच शब्द होता, 'जिंकलो.' कंदिलाच्या चटक्यांनी तो राक्षस मारायला किती तास लागले असतील कोण जाणे. आपल्या मराठीत 'मी'सुद्धा जिंकलो आणि 'आम्ही'सुद्धा जिंकलो. त्याने कर्ता लिहिला नव्हता. मी मीटिंगमध्ये होतो. एक अंगठा पाठवला. सच्या-मंग्याचेही अंगठे आले.

त्याचे वडील गेले ते एका मंगळवारी पहाटे. रविवारचा तासभर ज्यांना जमत नव्हता ते आम्ही तिघे साडेनऊला त्याच्या घरी हजर होतो. त्याने आम्हाला कशाबद्दलही विचारलं नाही. "चहा घेतलात का?" एवढंच म्हणाला.

इमारतीला लिफ्ट नव्हती. पुढे हातात मडकं धरून डॉक्टर, मागे आम्ही तिघे आणि चौथा खांदा शेजारच्या गुप्तेकाकांचा. जिना अरुंद. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझी बाजू खाली जायला लागली. मी काही बोललो नव्हतो, तरी डॉक्टर थांबला आणि मागे वळला. डोळे सुजलेले, दोन रात्रींचं जागरण तोंडावर. त्याने एकेकाकडे नीट पाहिलं.

"काका, तुम्ही सच्याच्या जागी या. अम्या, तू खांदा बदल, उजवा भरून आलाय तुझा. मंग्या, भिंत सांभाळ."

आम्ही खांदे बदलले. सगळ्यांचे पाय पायरीवर नीट टेकले आहेत याची खात्री होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

"घाई नाही," तो म्हणाला. "चला."